अक्कलदाढ काढायची की ठेवायची, हे दुखण्यावरून ठरवू नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात दातांची डॉक्टर आहे. तुमचा पेपर आमच्या वेटिंग रूममध्ये रोज असतो आणि पेशंट तो खरंच वाचतात, म्हणून हे पत्र तुमच्याकडेच पाठवतेय. विषय अक्कलदाढेचा आहे. पत्र लांबलंय पण शक्यतो कापू नका, कारण या विषयात लोकांपर्यंत अर्धीच माहिती पोचते आणि त्यावरच निर्णय होतात.

सध्या माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक जण मोबाईलवर रील दाखवतो, त्यात कुणीतरी सांगत असतं की चारही अक्कलदाढा दुखायच्या आधीच काढून टाका नाहीतर पुढचे दात वाकडे होतील. दुसरा सुजलेला गाल धरून येतो, तोंड एक बोटभर पण उघडत नाही, आणि तरी म्हणतो मॅडम फक्त गोळी लिहून द्या, काढायचं नाव नको, वरची दाढ काढली की नजर कमी होते असं आमची आजी सांगते. पहिल्याला बहुतेक वेळा काढायची गरज नसते आणि दुसऱ्याची खरं तर वर्षभरापूर्वीच निघायला हवी होती. मला एवढंच सांगायचंय की अक्कलदाढ काढायची का नाही हे दुखतंय का नाही यावर ठरत नाही, तिथं आजार आहे का आणि होण्याची चिन्हं आहेत का यावर ठरतं, आणि ते तपासून आणि एक्सरे बघूनच कळतं.

आता ही दाढ का अडकते ते आधी सांगते. बाकीच्या पक्क्या दाढा ६ वर्षांपासून १२-१३ वर्षांपर्यंत येऊन जातात, ही मात्र साधारण १७ ते २५ या वयात येते, कुणाची त्यानंतर पण येते, कुणाच्या चारही येतात, कुणाला दोनच असतात आणि काहींना जन्मतःच एकही नसते, त्यात काही बिघडलेलं नसतं. ती येईपर्यंत जबड्यात पुढच्या दातांनी जागा घेतलेली असते. भरलेल्या एसटीत शेवटी चढलेला माणूस जसा शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलून उभा राहतो तशी ही दाढ पुढच्या दाढेवर रेलते. खालच्या जबड्यात असं पुढं झुकलेली दाढ सगळ्यात जास्त बघायला मिळते. काही सरळ उभ्या असतात पण निम्म्याच बाहेर येतात, काही पूर्ण आडव्या झोपलेल्या असतात, आणि काही मागच्या बाजूला कललेल्या, ज्या एक्सरेवर सोप्या दिसतात पण काढताना सर्जनचा घाम काढतात. काही तर पूर्ण हाडात असतात, माणसाला आयुष्यभर पत्ताही नसतो. म्हणजे अक्कलदाढ हा एक आजार नाहीये, प्रत्येकाची केस वेगळी असते, आणि म्हणूनच सरसकट काढा किंवा सरसकट ठेवा हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

सगळ्यात जास्त त्रास देते ती अर्धवट आलेली दाढ. तिच्यावर हिरडीचा एक तुकडा टोपीसारखा राहतो, त्याच्याखाली भाताचं शीत, शेंगदाण्याचा कूट, भाजीचा धागा जाऊन बसतो, ब्रश तिथं पोचत नाही, आणि आत जंतू वाढतात. मग हिरडी सुजते, वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीवर चावते, त्यानं आणखी सुजते, पू येतो, तोंडाला वास येतो, कान आणि गळा दुखतो, घास गिळताना टोचल्यासारखं होतं. खूप जणांना वाटतं टॉन्सिल्स झाले, आणि ते चार दिवस घशाचंच औषध घेत बसतात. अशा वेळी पहिला उपचार गोळी नाही, सफाई आहे. डॉक्टर त्या हिरडीखाली सिरिंजनं सलाईन किंवा औषधी पाणी मारून अडकलेलं सगळं धुवून काढतात, वरची दाढ चावत असेल तर तिचं टोक घासतात किंवा तीच काढतात, घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात आणि दुखण्यापुरती गोळी देतात. अँटिबायोटिक लागतं ते ताप असेल, सूज गालात किंवा जबड्याखाली पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गळ्यातल्या गाठी आल्या असतील तर. नुसत्या हिरडीच्या दुखण्याला लागत नाही.

आणि यातला पुढचा नियम लोकांना कुणी सांगतच नाही. इंग्लंडमध्ये नाईस नावाची सरकारी संस्था आहे, कुठल्या आजाराला कुठला उपचार करावा हे ती ठरवून देते, तिनं मार्च २००० मध्ये अक्कलदाढेबद्दल सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की अशी सूज पहिल्यांदा आली आणि फार मोठी नसेल तर तेवढ्यावरून दाढ काढू नये, पण दुसऱ्यांदा आली तर काढायचा विचार करावा. मला हे आपल्याकडे पण पटतं. एकदा झालं, धुतलं, दाढ सरळ येतीय आणि जागा आहे, तर थांबून बघा, काही महिन्यांत ती पूर्ण वर येते आणि त्रास संपतो. पण दर दोन-तीन महिन्यांनी तीच सूज, तीच गोळी, तेच चार दिवस, हे चाललं असेल तर ती दाढ काही सुधारणार नाही, तिला जागाच नाहीये.

गोळीवर दिवस काढणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी अडचण आहे. मेडिकलमध्ये जाऊन दाढदुखीची गोळी द्या म्हटलं की तीन-चार गोळ्या कागदात बांधून मिळतात, त्यात एक पेनकिलर असते, एक अँटिबायोटिक असते, एक ॲसिडिटीची असते. कायद्यानं अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पण मिळतं हे सगळ्यांना माहितीय. दोन दिवसांत सूज उतरते, माणूस उरलेल्या गोळ्या खिशात ठेवतो, आणि पुढच्या वेळी त्याच अर्ध्या पत्त्यावर भागवतो. दाढ तिथंच, कचरा तिथंच, फक्त जंतू औषधाला सरावत जातात. काही जण ॲस्पिरिनची गोळी चुरडून हिरडीवर दाबून धरतात, त्यानं हिरडी भाजून पांढरी पडते, ते मी कितीतरी वेळा बघितलंय. लवंग तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन लावला तर थोडा वेळ बरं वाटतं हे खरंय, पण बाटली उपडी केली तर तेही भाजतं. आणि सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका, आत पू असेल तर तो बाहेरच्या बाजूला फुटायला मदत होते आणि गालावर कायमचा व्रण राहतो. बाजारात रस्त्याकडेला बसून दाढेतला किडा काढून दाखवणारे अजून आहेत, त्यांच्याबद्दल एवढंच की दातात असा डोळ्यांना दिसणारा किडा नसतोच.

आता यातला खरा धोका. खालच्या शेवटच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला इतकी खोल असतात की तिथला पू तोंडात न येता जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. १८३६ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, जीभ वर उचलली गेलेली, लाळ गिळता येत नाही, आवाज बदललेला, आडवं झोपलं की गुदमरतं. असं दिसलं तर दाताच्या दवाखान्यात पण थांबू नका, मेडिकलमध्ये तर नकोच, थेट आयसीयू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या, अगदी मध्यरात्र असली तरी, कारण श्वासनलिका बंद व्हायला काही तास पुरतात. हा आजार रोज दिसणारा नाही. पण डायबेटीस ताब्यात नसलेल्या माणसात तो फार वेगानं पसरतो, आणि आपल्याकडे डायबेटीस घराघरात आहे.

आता न दुखणाऱ्या दाढेकडे येते, कारण तिथंच सगळे फसतात. पुढं झुकलेली अक्कलदाढ जिथं शेजारच्या दाढेला टेकते तिथं एक खाच तयार होते, ब्रश जात नाही, फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, तो पण नीट जात नाही. त्या खाचेत शेजारच्या दाढेला मागच्या बाजूनं कीड लागते. दिसत नाही, दुखत नाही, आणि दुखायला लागते तेव्हा कीड दाढेच्या आतल्या नसेला भिडलेली असते. म्हणजे जी दाढ निरुपयोगी आहे तिच्यामुळं रोज चावायला लागणारी चांगली दाढ जाते. कधीकधी ती कीड मुळाच्या इतकी खाली असते की भरता पण येत नाही, मग दोन्ही काढाव्या लागतात, आणि पंचविशीतल्या पोराला सांगायला मला फार वाईट वाटतं की बाबा तुझ्या दोन दाढा जाणार.

इंग्लंडच्या त्या सूचनांचं पुढं काय झालं ते इथं सांगायलाच पाहिजे, कारण कधीच काढू नका म्हणणारे त्यांचाच दाखला देतात. त्या सूचना आल्यावर तिथं उगाच दाढा काढणं कमी झालं, ते चांगलंच झालं. पण नंतरच्या वर्षांत तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की दाढा काढायचं सरासरी वय वाढत गेलंय आणि कीड लागल्यामुळे काढाव्या लागणाऱ्यांचं प्रमाणही वाढलंय. म्हणजे बऱ्याच दाढा वाचल्या नाहीत, नुसत्या उशिरा निघाल्या. दुसरीकडे अमेरिकेत कॉलेजला जायच्या वयातच चारही काढायची पद्धत आहे, तिच्यावर तिथलेच काही डॉक्टर टीका करतात. आणि कॉक्रेन ही संस्था, जी जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिनं २०२० मध्ये पुन्हा हेच म्हटलं की ज्या अडकलेल्या दाढेला काही आजार नाही ती आधीच काढावी का ठेवावी हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. मग आपण काय करायचं, तर ठेवायची असेल तर लक्ष ठेवायचं, वर्षा-दोन वर्षांनी दाखवायची, गरज वाटली तर एक्सरे काढायचा. न दुखणारी दाढ ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं की लोक परत येतच नाहीत, दुखेपर्यंत.

रीलमधल्या दात वाकडे होण्याच्या भीतीबद्दल स्पष्टच सांगते. पुढचे खालचे दात विशीनंतर थोडे गर्दी करतात हे खरंय, पण ते अक्कलदाढ नसलेल्या माणसांत पण होतं. फक्त हे टाळायला अक्कलदाढा काढणं योग्य नाही, यावर १९९८ मध्ये चांगला अभ्यास झालाय आणि त्याचा निष्कर्ष हाच आहे. ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टरांना दाढा मागं सरकवायला जागा हवी असेल किंवा जबड्याचं ऑपरेशन करायचं असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथं काढावी लागते.

बाकी कारणं थोडक्यात सांगते. दाढ इतकी किडलीय की भरता येत नाही. मागच्या कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून अक्कलदाढेचं रूट कॅनाल फारसं करत नाहीत, करता येतं, पण ती चावायच्या कामाची असेल तरच त्यात अर्थ आहे. शेजारच्या दाढेचं मूळ झिजायला लागलंय. दाढेभोवती पाण्याची पिशवी झालीय, म्हणजे सिस्ट, जी हळूहळू हाड पोकळ करते, ती कमी जणांत होते पण एक्सरेशिवाय कळत नाही. वरची दाढ बाहेर गालाकडे येतीय आणि सारखी गाल चावली जाऊन जखम होतीय. अशा वेळी काढा. आणि सरळ आलेली, समोरच्या दाढेला नीट भिडणारी, ब्रशनं साफ होणारी दाढ असेल तर तिला हात लावू नका, ती साधी दाढच आहे. पुढची एखादी दाढ आधीच गेली असेल तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला कृत्रिम दात, बसवायला हीच कामाला येते. साठ-सत्तरीच्या माणसाच्या हाडात खोल झोपलेली, कधीच न दुखलेली दाढ नुसती एक्सरेत दिसली म्हणून पण काढू नका. मात्र आजोबांच्या कवळीखाली हिरडी टोचायला लागली तर एकदा एक्सरे काढा, हाड झिजून जुनी अडकलेली दाढ वर आलेली असू शकते.

काढायचीच असेल तर कधी, याचं उत्तर लवकर असं आहे. विशीच्या आत-बाहेर मुळं पूर्ण झालेली नसतात, हाड थोडं लवचिक असतं, जखम पटकन भरते. पस्तिशीनंतर हाड घट्ट होतं, मुळं लांब आणि वाकडी झालेली असतात, सूज जास्त येते आणि नसेला इजा व्हायची शक्यता वाढते. पण आपल्याकडे याच वयात पोरांच्या मागं बाकीचं सगळं लागतं. बारावी, नीट, सीईटी, पोलीस भरती, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास. जागरण, मेसचं जेवण, रात्री ब्रश करायचा कंटाळा, सिगारेट, आणि नेमकं प्रिलिमच्या आठवड्यात गाल सुजतो. मग गोळी. परीक्षा झाली की बघू. परीक्षा काही संपत नाहीत. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पोरगं किंवा पोरगी अठराची झाली की एकदा मागच्या दाढा दाखवून घ्या, आणि काढायला लागणार असेल तर सुट्टीत, परीक्षेनंतर, दिवाळीच्या आधी-मागं, असा आठवडा ठरवून काढून टाका.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचंय. लग्न होऊन लगेच दिवस गेले आणि तेव्हा अक्कलदाढ सुजली की सगळं घर घाबरतं, डॉक्टर पण जपून वागतात. गरोदरपणात दाताचा उपचार करता येतच नाही असं नाही, ठरवून करायचा तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात करतात आणि पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात करावाच लागतो, अंगावर काढणं आई आणि बाळ दोघांनाही वाईट. पण पेनकिलरपैकी बऱ्याच चालत नाहीत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पॅरासिटामॉलवरच भागवावं लागतं. ज्या दाढेनं आधी दोनदा त्रास दिलाय ती लग्नाच्या गडबडीत तशीच ठेवू नका. पाळी चालू असताना दात काढत नाहीत असं पण विचारतात, तशी बंदी नाहीये, अशक्तपणा वाटत असेल तर तारीख पुढं घ्या एवढंच. परदेशात एमएस करायला जाणाऱ्या मुलांनी, जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांनी जायच्या दोन महिने आधी तरी तपासून घ्यावं, तिकडच्या स्टुडंट इन्शुरन्समध्ये दात बऱ्याचदा येत नाहीत आणि समुद्रात तर डेंटिस्टच नसतो.

भीतीबद्दल. वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही, डोळ्याला दिसण्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. बुद्धीचा पण त्या दाढेशी संबंध नाही. खरी काळजी घ्यायची ती खालच्या जबड्यातल्या नसेची. ती नस हाडातल्या एका नळीतून जाते आणि काही जणांत अक्कलदाढेची मुळं तिला अगदी चिकटून असतात. तिला धक्का लागला तर खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर राहते, ओठ वाकडा होत नाही, हलतो नीट, पण स्पर्श कळत नाही. जिभेची नस पण आतल्या बाजूनं जवळून जाते. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत, काही महिन्यांत जाते, फार थोड्या जणांत कायमची राहते. म्हणून आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे, काढायचाच. त्यातला किरणांचा डोस निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो. त्यात मूळ आणि नस एकमेकांवर दिसली, मूळ तिथं काळपट दिसलं किंवा नळीची पांढरी रेघ तुटली असेल तर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे, करून नक्की अंतर बघतात. नस फारच जवळ असेल आणि दाढ किडलेली नसेल तर कधीकधी फक्त वरचा भाग कापून काढतात आणि मुळं तिथंच ठेवतात, तो पण मान्य असलेला उपचार आहे, अर्धवट काम नाही. तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा की माझी दाढ कुठल्या कारणासाठी काढताय, एक्सरेवर ते कारण दाखवा, नस किती लांब आहे, नाही काढली तर काय होईल, आणि काढणार कोण, तुम्ही का सर्जन. अवघड दाढेसाठी जबड्याच्या शस्त्रक्रियेचं एमडीएस केलेले सर्जन असतात, मी स्वतः अशा केसेस त्यांच्याकडेच पाठवते. चारही एकदम का काढायच्या याचं कारण पण प्रत्येक दाढेचं वेगळं विचारा, जो डॉक्टर प्रामाणिक आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

तंबाखूबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे तरी माझ्या खुर्चीत गुटखा, मावा खाणारी विशीतली पोरं बसतात. तोंड उघडत नाही, अक्कलदाढ असेल, असं सांगत येतात. सूज नाही, ताप नाही, दुखणं नाही, पण स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, तिखट लागलं की आग होते, गाल आतून पांढरट आणि कडक झालेला असतो. ती अक्कलदाढ नाही, ती सुपारीनं झालेली सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाची आतली कातडी आखडत जाण्याचा आजार, आहे आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. अशा माणसाला पुढं खरोखर अक्कलदाढ काढायची वेळ आली तर हत्यार आत जायला जागा नसते. तसंच शेवटच्या दाढेच्या मागं किंवा गालाला जखम झाली, टोचणारी दाढ घासली किंवा काढली आणि तरी दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. मिश्री लावणाऱ्या आमच्या आया-बहिणींना हे विशेष सांगणं आहे, दाढेच्या दुखण्यावर मिश्री दाबून धरू नका. आणि कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन देणार असतील तर त्याआधीच खराब दाढा काढून जखम भरू देतात, कारण रेडिएशन दिल्यानंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या बायकांनी पण दाढ काढायच्या आधी ते सांगायलाच हवं, त्या औषधांनी पण जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी विचारा.

काढल्यानंतरचं मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे विसरतात. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, त्या दिवशी गुळण्या नाहीत. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच जखम भरते, ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतकं ठणकतं की माणूस रात्रभर बसून काढतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त होतो, आणि त्याला अँटिबायोटिक नाही, जागा धुवून औषधाची पट्टी ठेवावी लागते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा घाबरून फोन करतात, ती नंतर उतरते. पण चौथ्या दिवसानंतर वाढत असेल, ताप येत असेल तर मात्र लगेच या. पहिले दिवस गार दहीभात, पेज, मऊ खिचडी, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या. वरची दाढ काढली असेल तर काही दिवस जोरात नाक शिंकरू नका, तिची मुळं सायनसच्या अगदी जवळ असतात.

खर्चाचा विषय राहिलाच. बहुतेक मेडिक्लेममध्ये दाताचं येत नाही, आणि अवघड दाढेचं प्रायव्हेटमधलं बिल शेतमजुराच्या घराला झेपत नाही, गोळीवर दिवस काढण्यामागं हे पण कारण आहे हे मला माहितीय. अशांसाठी मुंबईत, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे, सिंधुदुर्गाकडच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं डेंटल कॉलेज पण जवळ पडतं. तिथं शिकाऊ मुलं काढतात म्हणून लोक घाबरतात, पण अवघड दाढा तिथं एमडीएस करणारे डॉक्टर त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काढतात आणि एका दिवसात जेवढ्या अक्कलदाढा तिथं निघतात तेवढ्या आमच्याकडे महिन्यात निघत नाहीत. खाजगी डेंटल कॉलेजांत पण बाहेरच्यापेक्षा पैसे कमी लागतात. जाताना सकाळी लवकर जा, जेवून जा, जुना एक्सरे असेल तर तो, शुगर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घरचं एक माणूस बरोबर न्या.

तुमच्या आरोग्य पानावर हे छापलंत तर त्याचं कात्रण मी इथल्या ज्युनिअर कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावणार आहे, तिथल्या सरांशी बोलून ठेवलंय.

आपली,
एक दंतवैद्य वाचक, जि. सांगली